नव्या गाडीचा खडखडाट

माणदेशातली धूळ पिठासारखी बारीक. शॉक ॲब्सॉर्बरचं काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचं. त्याच्या दांड्यावरचं रबरी आवरण फाटलं, की ही धूळ आत शिरते, सील खरवडते आणि तेल गळू लागतं. मग गाडी खड्ड्यात आपटते. बैलगाडीच्या आसाला वंगण घालताना म्हातारी माणसं आधी जुनी माती पुसून काढत, ते उगाच नव्हतं.

माझ्या भाच्याची गाडी दीड वर्षाची. ब्रेक करकरू लागले. "मामू, कंपनीनं फसवलं," म्हणाला. आटपाडीच्या मिस्त्रीनं चाक उतरवलं. नवं पॅड साधारण दहा मिलिमीटर जाड असतं, तीनवर आलं की बदलायचं. इथं आतलं पॅड कागद झालेलं, बाहेरचं निम्मं शाबूत! अशी झीज दिसली, की आधी कॅलिपरच्या पिना पाहाव्यात. त्या अडकल्या, तर पाय काढला तरी पॅड घासतच राहतं. पिना साफ करून ग्रीस न लावता नुसतं पॅड बदललं, तर ते पैसे पाण्यात. वॉरंटीत पॅड सहसा बसत नाही. गळका शॉक ॲब्सॉर्बर मात्र बहुधा बसतो. मुदत संपण्याआधी लेखी तक्रार द्यावी, जॉब कार्डावर किलोमीटर लिहून घ्यावेत.

दोन्ही पॅडं सारखीच लवकर झिजली, तर मात्र स्वतःचा पाय तपासावा. भिवघाट न्यूट्रलमध्ये उतरणारे पेट्रोल वाचवल्याच्या आनंदात असतात. वेग दुप्पट झाला, की थांबताना ब्रेकला चौपट उष्णता पचवावी लागते. त्यातून डिकीत डाळिंबाचे क्रेट. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं.