सुपरमध्ये दडलेलं पाणी

मृगाचा पाऊस पडला की नांदेड-लातूरकडच्या कृषी सेवा केंद्रांपुढे खताच्या गोण्यांची चढउतार सुरू होते. ऊस, कापूस, हळदीला युरिया. सोयाबीनला स्फुरद आणि गंधकासाठी सिंगल सुपर फॉस्फेट. मजुरी वाचवायला कुणी दोन्ही आधीच कालवून ठेवली, तर पंचाईत होते. कोरड्या मिश्रणाला ओल सुटते, लगदा होतो आणि पुढे वाळून त्याची ढेकळं बनतात. संशय लगेच दुकानदारावर जातो: माल बोगस! बोगस खतं बाजारात येतात हे खरंच, पण इथे दोन्ही गोण्या अस्सल असू शकतात.

युरियात वजनाने ४६ टक्के नत्र असतं. त्याच्या स्फटिकात प्रत्येक रेणूचा ऑक्सिजन शेजारच्या रेणूंचे चार हायड्रोजन धरून बसतो. असा सलगीखोर रेणू दुसऱ्याच्या स्फटिकातही घुसतो.

सुपरमधल्या मोनोकॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकात पाण्याचा एक रेणू बांधलेला असतो, तरी हाताला ते खत कोरडंच लागतं. युरियाचे चार रेणू त्या क्षाराला जोडले जातात आणि पाण्याला जागा सोडावी लागते. सुटलेलं पाणी थोडंच. पण २० अंश सेल्सियसला १०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅमहून जास्त युरिया विरघळतो, म्हणून तेवढ्यानेही लगदा होतो. वर पावसाळी हवा. ३० अंशांना सापेक्ष आर्द्रता साधारण ७३ टक्क्यांपुढे गेली की युरिया एकटासुद्धा हवेतली ओल ओढतो.

ही दोन खतं वेगवेगळी टाकावीत, किंवा कालवून लगेच संपवावीत.

हीच खोड उपयोगीही पडू शकते. अमेरिका आणि इटलीतल्या संशोधकांनी युरिया आणि जिप्सम चक्कीत एकत्र दळून दोघांचा सामाईक स्फटिक बनवला. त्यातही एका कॅल्शियम सल्फेटमागे युरियाचे चार रेणू. तो नुसत्या युरियापेक्षा सावकाश विरघळतो. मराठवाड्याच्या विम्लधर्मी काळ्या जमिनीत वरवर फेकलेल्या युरियातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं, म्हणून इथे हे काम विशेष मोलाचं. अडचण जुनीच: जिप्सममधलं पाणीही या दळणात मोकळं होतं, आणि ते वाळवल्याशिवाय माल गोणीत भरता येत नाही.