बाळासाठी निर्धोक घर

तान्हे मूल पाळण्यात असते, तोवर घरातील वस्तू आपापल्या जागी सुखाने नांदतात. ते रांगू लागले, की घराचे रूप पालटते. दिवाणाखाली घरंगळत गेलेला मणी, कोनाड्यातील औषधाची बाटली, टेबलावरून लोंबणारी इस्त्रीची वायर, न्हाणीघरातील भरलेली बादली, या सर्वांचा शोध घेणारा एक नवा संशोधक घरात संचार करू लागतो. त्याच्या जिज्ञासेला सीमा नसते; परंतु विस्तव भाजतो, पाणी बुडविते आणि सुरी कापते, याचे ज्ञान त्याला नसते. ते ज्ञान येईपर्यंत त्याचे रक्षण करणे हे घरातील सर्वांचेच कर्तव्य होय.

मूल साधारणपणे चार ते सहा महिन्यांचे असताना पालथे पडू लागते, आठ-दहा महिन्यांचे झाले की रांगते आणि वर्षाच्या सुमारास पावले टाकू लागते. यांपैकी प्रत्येक कौशल्य त्याला अकस्मात साध्य होते. काल जे बाळ खाटेच्या मध्यावर स्वस्थ पडून होते, तेच आज कडेपर्यंत पोहोचून खाली पडते. म्हणून घराची व्यवस्था मुलाच्या एक पाऊल पुढे असावी लागते. यासाठी एक सोपा उपाय आहे. मोठ्या भावाने किंवा बहिणीने हातांवर व गुडघ्यांवर रांगत घरभर एक फेरी मारावी. उभ्या माणसाला न दिसणारे कितीतरी धोके त्या उंचीवरून सहज दृष्टीस पडतात.

लहान मूल प्रत्येक वस्तूची परीक्षा तोंडात घालून करते. फुटाणे, शेंगदाणे, चिंचोके, नाणी, गुंड्या व मणी घशात अडकून श्वास कोंडू शकतो. म्हणून पाच वर्षांच्या आतील मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नयेत आणि केर काढताना कानाकोपऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. खेळण्यांत व घड्याळांत असणारी लहान चपटी बॅटरी तर फार घातक असते. ती गिळली गेल्यास अन्ननलिकेत अडकून दोन तासांच्या आत आतून भाजू शकते. पानतंबाखूच्या चुन्याची डबी किंवा पुडीही मुलाच्या हाती लागू देऊ नये. चुना डोळ्यांत गेला, तर दृष्टीस अपाय होतो.

मुलाची त्वचा मोठ्यांच्या त्वचेहून पातळ असते. मोठ्या माणसाला नुसता चटका बसेल, तेवढ्या उष्णतेने मूल गंभीररीत्या भाजते. वरणाचे पातेले, चहाचे भांडे किंवा पेटती निरांजने जमिनीवर ठेवू नयेत. ओट्यावरील कढईचा दांडा आतल्या बाजूस वळवावा. मुलाला मांडीवर घेऊन चहा पिऊ नये. स्नानाचे पाणी काढताना आधी थंड पाणी घ्यावे, मग त्यात गरम पाणी मिसळावे आणि आपले कोपर बुडवून उष्णता अजमावावी. बादलीत विजेची कांडी सोडून पाणी तापविण्याची पद्धत अनेक घरांत आहे. अशा वेळी न्हाणीघराचे दार बाहेरून बंद असलेच पाहिजे.

पाण्याचा धोका फसवा असतो. विहीर किंवा हौद दिसला की मोठी माणसे सावध होतात. बादलीकडे मात्र कोणी शंकेने पाहत नाही. मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकून पाहताना त्याचा तोल गेला, तर ते डोक्यावर आत पडते आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. त्याचे नाक-तोंड बुडेल एवढे थोडे पाणीही प्राणघातक ठरते. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. शेजारच्या खोलीतही काही ऐकू जात नाही. यास्तव काम होताच बादली रिकामी करून पालथी घालावी, आणि हौद व पिंपे यांवर घट्ट झाकण ठेवावे.

औषधांच्या बाबतीत कॅनडा देशातील एक उदाहरण बोधप्रद आहे. तेथील विंडसर शहरात डॉ. हेन्री ब्रो नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. गोळ्या खाऊन विषबाधा झालेली मुले त्यांच्याकडे वारंवार येत. नुसत्या उपदेशाने हे थांबणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या प्रयत्नांतून १९६७ साली, आधी दाबून मगच फिरवावे लागणारे झाकण तयार झाले. मोठ्यांना ते उघडता येई, लहानग्यांना सहसा येत नसे. त्या भागातील मुलांच्या विषबाधेचे प्रमाण त्यामुळे पुष्कळ घटले. मुलाचा स्वभाव बदलत नाही, पण झाकण बदलता येते, हा या उदाहरणाचा मथितार्थ होय. अर्थात, असे झाकण असले तरी औषधे उंचावर कुलपातच ठेवावीत. रॉकेल, फिनेल किंवा कीटकनाशक सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. कारण मूल बाटली ओळखते, तिच्यातील विष ओळखत नाही.

हेच तत्त्व उंचीला आणि विजेलाही लागू पडते. गच्ची व सज्जा यांच्या कठड्यांच्या गजांतील अंतर १० सेंटिमीटरांहून अधिक नसावे, आणि जवळ खुर्ची किंवा स्टूल असू नये. जिन्याच्या तोंडाशी लहान फाटक बसवावे. भिंतीतील खालच्या सॉकेटांना झाकणे लावावीत. मोबाईलचा चार्जर काम होताच बंद करून काढून ठेवावा, कारण त्याचे लोंबते टोक मूल हमखास तोंडात घालते.

इतके करूनही अपघात घडलाच, तर गोंधळून न जाता प्रथम मोठ्यांना हाक मारावी. भाजलेल्या भागावर २० मिनिटे साध्या थंड पाण्याची धार धरावी. शाई, तूप किंवा दंतमंजन लावू नये. डोळ्यांत चुना गेल्यास भरपूर पाण्याने डोळे धूत राहावे. मुलाने रॉकेल प्यायले असल्यास उलटी करवू नये, कारण उलटीच्या वेळी ते फुप्फुसांत शिरते. घशात अडकलेली वस्तू दिसत नसताना बोट घालून चाचपडू नये; ती अधिकच आत जाते. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. हा क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ असावा.

सर्व व्यवस्था चोख असली, तरी जागरूक डोळ्यांची जागा दुसरे काहीही घेऊ शकत नाही. लग्नकार्याच्या घरी माणसे पुष्कळ असतात. पण प्रत्येकाला वाटते, की बाळाकडे दुसरे कोणी तरी पाहत असेल. तेव्हा बाळाला दुसऱ्याच्या हाती सोपविताना, "ताई, आता बाळ तुझ्याकडे," असे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि ताईनेही "हो" म्हटल्यावरच तेथून हलावे.

निर्धोक घरात मुलाला पदोपदी 'नको' म्हणावे लागत नाही. ते मोकळेपणाने रांगते, पडते, उठते आणि शिकते. त्याला ही मोकळीक देण्यासाठी धनाची फारशी गरज नसते. पालथी घातलेली बादली, कुलूपबंद कपाट आणि वेळीच उचललेला मणी यांनीही एक अमोल जीव वाचतो.