मुले सांभाळणाऱ्या बाईंचा कॅमेरा

व्हिव्हियन मायर यांचा चरितार्थ मुले सांभाळण्यावर चाले. १९५६ मध्ये त्या अमेरिकेतील शिकागो परिसरात आल्या आणि पुढे अनेक वर्षे निरनिराळ्या कुटुंबांत हेच काम करीत राहिल्या. गळ्यात मात्र रोलायफ्लेक्स कॅमेरा असे.

सुट्टीच्या दिवशी एकट्याने, एरवी मुलांना फिरावयास नेण्याच्या निमित्ताने, त्या शहरातील बाजार व गल्लीबोळ पालथे घालीत. हा कॅमेरा पोटाजवळ धरून वरून आत पाहावे लागते. त्यामुळे आपण टिपले जात आहोत, याचा समोरच्याला पुष्कळदा पत्ताही लागत नसे. एका रोलवर अवघी १२ चित्रे! तरीही त्यांच्यामागे एक लाखाहून अधिक निगेटिव्ह राहिल्या. शेकडो रोल तर धुतलेच गेले नव्हते.

२००७ मध्ये गोदामाचे भाडे थकले आणि त्यांच्या पेट्या लिलावात निघाल्या. शहराच्या इतिहासासाठी जुनी छायाचित्रे शोधणाऱ्या जॉन मालूफ यांनी त्यांतील एक खोके सुमारे ४०० डॉलरना घेतले. एप्रिल २००९ मध्ये त्यांनी या नावाचा शोध घेतला, तेव्हा हाती आली ती काही दिवसांपूर्वीची निधनवार्ता.

पुढे प्रदर्शने भरली, २०१३ मध्ये अनुबोधपटही निघाला. हयातीत जी चित्रे बाईंनी क्वचितच कोणास दाखविली, ती जगापुढे मांडण्यास त्यांनी संमती दिली असती काय? त्यांत दुकानांच्या काचांत आणि आरशांत टिपलेली त्यांची स्वतःची छबीही वारंवार दिसते.