संगणकाचा तट आणि दरवाजे

नागपूरच्या महाल भागात गांधी दरवाजा आहे. त्याचे जुने नाव जुम्मा दरवाजा. अठराव्या शतकात गोंड राजा चांद सुलतान याने शहराभोवती तट बांधला. तट शत्रूला अडवत असे. पण व्यापारी, पाहुणे, धान्याच्या गाड्या यांना आत येण्यासाठी दरवाजे लागतच.

संगणकालाही असाच तट असतो. त्याला फायरवॉल म्हणतात. ही विटांची भिंत नव्हे. ती बाहेरून येणारी माहिती तपासते. परवानगी असेल तर आत सोडते, नसेल तर अडवते. या तटातील दरवाजे म्हणजे पोर्ट. त्यांना ० ते ६५५३५ असे क्रमांक असतात आणि नेहमीच्या कामांचे क्रमांक ठरलेले असतात.

एका शाळेचे ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. सर्व पुस्तकांच्या नोंदी कार्यालयातील एका संगणकात आहेत. नोंदींच्या अशा साठ्याला डेटाबेस आणि तो सांभाळणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. ग्रंथपालांच्या टेबलावरील संगणकात देवघेवीचा प्रोग्रॅम आहे. तो सर्व्हरला विचारतो, "हे पुस्तक कोणाकडे आहे?" पण सर्व्हरची फायरवॉल त्याला ओळखत नाही. ती दार उघडत नाही आणि पडद्यावर 'संपर्क होत नाही' असे दिसते.

अशा वेळी काही जण कंटाळून फायरवॉलच बंद करतात. काम सुरू होते. पण हे एका पाहुण्यासाठी सारा तट पाडण्यासारखे आहे! खरा उपाय सोपा आहे. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये एक नवा नियम लिहावा. त्यात तीन गोष्टी सांगाव्यात: कोणता दरवाजा, कोणती पद्धत आणि कोणासाठी. एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस असेल, तर दरवाजा सहसा १४३३, पद्धत टीसीपी आणि परवानगी फक्त ग्रंथपालांच्या संगणकाला. मायएसक्यूएल असेल, तर दरवाजा सहसा ३३०६. बाकीचे दरवाजे बंदच राहू द्यावेत.

एवढी काळजी कशासाठी? २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' नावाचा घातक प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला. तो अवघा ३७६ बाइटचा होता. एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ क्रमांकाच्या दरवाजातून तो आत शिरे. सुमारे दहा मिनिटांत त्याने ७५,००० संगणक गाठले. दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडले, अमेरिकेत एका बँकेची हजारो एटीएम यंत्रे अडली. ज्या दोषाचा त्याने फायदा घेतला, त्याची दुरुस्ती कंपनीने जुलै २००२ मध्येच दिली होती. पण अनेकांनी ती बसवली नव्हती आणि दरवाजाही उघडा होता.

म्हणून दरवाजा गरजेपुरताच उघडावा, ओळखीच्यालाच आत घ्यावे आणि दुरुस्ती वेळेवर करावी. काम संपले, की तो नियमही काढून टाकावा.

शब्दार्थ
तट – शहराभोवतीची उंच भिंत. देवघेव – देणे आणि घेणे. घातक – नुकसान करणारा.

स्वाध्याय
१. फायरवॉल कोणते काम करते?
२. नव्या नियमात कोणत्या तीन गोष्टी सांगाव्या लागतात?
३. स्लॅमर इतक्या वेगाने का पसरू शकला?