गाणं लावलंच नाही, तरी फोल्डर बंद!

गाणं वाजलं आणि लॅपटॉप बंद पडला, असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण असं खरोखर व्हायचं. मायक्रोसॉफ्टचे अनुभवी इंजिनीअर रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये हा किस्सा सांगितला. विंडोज एक्सपीच्या काळात जॅनेट जॅक्सनचं ‘रिदम नेशन’ लावलं की काही मॉडेलचे लॅपटॉप क्रॅश व्हायचे. गंमत म्हणजे शेजारी नुसता ठेवलेला लॅपटॉपही बंद पडायचा! गाण्यातली एक फ्रिक्वेन्सी आतल्या हार्ड डिस्कच्या कंपनाशी जुळायची. फिजिक्सच्या पुस्तकातला अनुनाद, म्हणजे रेझोनन्स, तो हाच. शेवटी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने ती फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर टाकून प्रश्न मिटवला.

आपल्याकडे होणारा प्रकार इतका फिल्मी नसतो, पण सबमिशनच्या आदल्या रात्री चांगलाच घाम फोडतो. प्रोजेक्टसाठी घेतलेल्या मुलाखती, एनएसएस कॅम्पमध्ये गावातल्या आजींकडून रेकॉर्ड करून आणलेल्या ओव्या, एकांकिकेचं पार्श्वसंगीत असं सगळं एकाच फोल्डरमध्ये असतं. डबल क्लिक केलं की विंडो गायब. खालचा टास्कबार क्षणभर उडतो, डेस्कटॉपवरचे आयकॉन जातात आणि परत येतात. पुन्हा उघडा, पुन्हा तेच. मग हॉस्टेलवर फुकटचे सल्ले सुरू होतात. ‘व्हायरस असणार’, ‘फोल्डर उडव’, ‘सरळ फॉरमॅट मार’.

थांबा. यातलं काहीही करू नका. बहुतेक वेळा तुमची रेकॉर्डिंग्ज जागच्या जागी असतात. बिघडलेली असते ती एखादी फाइल, किंवा ती वाचणारा एखादा प्रोग्रॅम.

नुसत्या यादीमागे एवढं काय?

फोल्डर उघडला म्हणजे विंडोज फक्त नावांची यादी दाखवतं, असं आपल्याला वाटतं. ऑडिओच्या बाबतीत तसं नाही. गाण्याचं शीर्षक, गायक, अल्बम, कव्हरचा फोटो ही माहिती फाइलच्या आत लिहिलेली असते. तिला टॅग म्हणतात. ती दाखवायची तर विंडोजच्या फाइल एक्सप्लोररला प्रत्येक फाइलच्या आत डोकवावं लागतं. म्हणजे आपण ‘प्ले’ दाबलेलं नसलं, तरी फाइल वाचली जातेच.

हा टॅग सुरुवातीला अगदी छोटा होता. १९९६ मध्ये आलेला ‘आयडीथ्री’चा पहिला अवतार म्हणजे एमपीथ्रीच्या शेवटी चिकटवलेला जेमतेम १२८ बाइट्सचा तुकडा. गाण्याच्या नावाला त्यात फक्त ३० अक्षरांची जागा. १९९८ च्या दुसऱ्या अवतारात टॅग फाइलच्या सुरुवातीला आला, त्यात फोटोही बसू लागले आणि नियमानुसार तो २५६ एमबीपर्यंत वाढू शकतो. त्यातल्या प्रत्येक भागाआधी त्या भागाची लांबी लिहिलेली असते. समजा डाउनलोड अर्धवट तुटलं. ‘पुढे २ एमबीचा फोटो आहे’ असं आत लिहिलंय आणि फाइल मात्र तिथेच संपतेय. नीट लिहिलेला प्रोग्रॅम गडबड ओळखून पुढे जातो. कच्चा प्रोग्रॅम नसलेली माहिती वाचायला जातो आणि कोसळतो. तो एक्सप्लोररच्या पोटात चालत असेल, तर एक्सप्लोररलाही घेऊन पडतो. टास्कबार आणि डेस्कटॉप हाच एक्सप्लोरर सांभाळतो, म्हणून तेही क्षणभर उडतात.

वेव्ह फाइलचंही असंच. तिच्या सुरुवातीला एकूण लांबीचा आकडा असतो आणि बरेच रेकॉर्डर तो ‘स्टॉप’ दाबल्यावर भरतात. मुलाखत चालू असताना बॅटरी गेली की आवाज आत असतो, पण आकडा चुकीचा राहतो.

हा प्रकार आजचा नाही. डिसेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीसाठी एक तातडीचा पॅच काढला होता. एमपीथ्री किंवा डब्ल्यूएमए फाइलमधली माहिती वाचणाऱ्या भागातच तेव्हा भोक सापडलं होतं. मुद्दाम बिघडवलेल्या फाइलच्या आयकॉनवर नुसता माउस नेला किंवा ती असलेला शेअर्ड फोल्डर उघडला, तरी हल्लेखोराला कॉम्प्युटरचा ताबा मिळू शकत होता. म्हणून विंडोज अपडेट ‘नंतर’ म्हणत ढकलू नका आणि अनोळखी ठिकाणाहून आलेली गाणी सांभाळून घ्या.

आधी लक्षण बघा

डॉक्टर आधी नाडी बघतात, तसंच इथे. विंडो झटकन बंद होऊन टास्कबार उडत असेल तर तो क्रॅश. विंडो उघडीच आहे, पण वरची हिरवी पट्टी रेंगाळतेय आणि काहीच हलत नाही, तर संशय पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा हार्ड डिस्कवरही घ्या. अशा वेळी दुरुस्तीचे प्रयोग नकोत. कार्डावरचं जेवढं निघेल तेवढं आधी कॉपी करून घ्या.

दुसरा प्रश्न: एकच फोल्डर बिघडलाय की गाणी असलेला प्रत्येक फोल्डर? एकच असेल, तर गुन्हेगार आतली एखादी फाइल. सगळेच फोल्डर कोसळत असतील, तर तुम्ही हल्ली टाकलेला कोडेक पॅक, म्युझिक प्लेयर किंवा कन्व्हर्टर बघा. असे प्रोग्रॅम आपले छोटे जोडभाग एक्सप्लोररमध्ये बसवतात. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून विंडोज लॉग्जमधल्या ‘ॲप्लिकेशन’मध्ये १००० नंबरची एरर शोधा. तिथे ‘फॉल्टिंग मॉड्यूल’समोर एक नाव दिसेल. ते नाव बाहेरच्या प्रोग्रॅमचं असेल, तर तो अनइन्स्टॉल करून बघा. ‘शेलएक्सव्ह्यू’ हे फुकट टूल असे जोडभाग एकेक करून तात्पुरते बंद करून देतं.

टास्कबार परत आलाच नाही, तर घाबरू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘रन न्यू टास्क’ निवडून ‘एक्सप्लोरर’ टाइप करा.

मागच्या दाराने आत शिरा

आता मुख्य काम, रेकॉर्डिंग वाचवणं. सोपा उपाय आधी. फोल्डर न उघडता बाहेरूनच त्याच्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा. ‘कस्टमाइज’ टॅबमध्ये फोल्डर ‘म्युझिक’साठी सेट असेल, तर ‘जनरल आयटम्स’ करा. मग गायक, अल्बम वगैरे रकाने निघून जातात आणि एक्सप्लोररचं डोकावणं कमी होतं. प्रीव्ह्यू पेन चालू असेल तर आल्ट आणि पी दाबून बंद करा. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘थंबनेल नको, फक्त आयकॉन’ या अर्थाचा पर्याय आहे, तोही टिक करा. बऱ्याचदा एवढ्यावर फोल्डर उघडतो.

नाहीच उघडला तर एक्सप्लोररला बाजूला ठेवा. सेव्हन-झिप बहुतेकांच्या लॅपटॉपवर असतंच. त्याचा स्वतःचा फाइल मॅनेजर आहे आणि तो नाव, साइज, तारीख यापलीकडे फाइलच्या फंदात पडत नाही. तिथे एफफाइव्ह दाबून कॉपी आणि एफसिक्स दाबून मूव्ह करता येतं. कमांड प्रॉम्प्ट येत असेल तर त्यानेही काम होतं. एक लक्षात ठेवा, एखाद्या प्लेयरमध्ये ‘ओपन फाइल’ केल्यावर जी खिडकी येते, तीही एक्सप्लोररचीच बहीण आहे. तीसुद्धा कोसळू शकते.

सगळ्यात आधी पूर्ण फोल्डरची एक कॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर काढा. पुढचे सगळे उद्योग त्या कॉपीवर करा. मूळ फोल्डरला हात लावायचा नाही.

चोर पकडायची युक्ती

फोल्डरमध्ये २०० फाइल्स आहेत. त्यातली बिघडलेली कोणती? एकेक तपासत बसलात तर रात्र जाईल. त्याऐवजी अर्ध्या फाइल्स सेव्हन-झिपमधून नव्या फोल्डरमध्ये हलवा आणि तो नवा फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडा. कोसळला तर चोर त्यात आहे, नाही तर उरलेल्या अर्ध्यात. त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. १००, ५०, २५ असं करत ८ फेऱ्यांत चोर सापडतो. कॉम्प्युटरवाल्या मित्रांना हे बायनरी सर्च म्हणून पाठ असतं, इथे ते खरोखर कामी येतं. चोर एकाहून जास्त असू शकतात, म्हणून दुसरा भागही एकदा उघडून बघा.

सापडलेल्या फाइलचं एक्स्टेन्शन सेव्हन-झिपमध्येच बदला. नावाच्या शेवटी असलेलं ‘एमपीथ्री’ काढून काहीही दुसरं लिहा. एक्सप्लोररला ती ऑडिओ आहे हे कळत नाही, मग तो तिच्यात डोकावत नाही. फोल्डर वापरण्याजोगा होतो.

फाइल फेकू नका

बिघडलाय तो बहुधा टॅग, आवाज नव्हे. आधी ती फाइल एकटीच एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, एक्स्टेन्शन पुन्हा पहिल्यासारखं करा. एमपीथ्री असेल तर ‘एमपीथ्रीटॅग’ या फुकट प्रोग्रॅममधून तिचा सगळा टॅग काढून टाकता येतो. नाही जमलं, तर व्हीएलसीमध्ये वाजतेय का बघा. वाजत असेल तर त्यातल्याच ‘कन्व्हर्ट’मधून नवी फाइल बनवा. बॅटरी गेल्यामुळे अर्धवट राहिलेल्या वेव्ह फाइलसाठी ऑडॅसिटीत ‘इम्पोर्ट रॉ डेटा’ असा पर्याय आहे. तिथे १६ बिट, ४४,१०० किंवा ४८,००० हर्ट्झ, मोनो किंवा स्टिरिओ यातली रेकॉर्डरवर होती ती सेटिंग्ज द्यायची. सुरुवातीला थोडी खरखर येईल, मग आवाज सुरू होईल. आकडा चुकला तर माणूस भलताच हळू किंवा भरभर बोलेल. मग दुसरा आकडा देऊन बघा.

अ‍ॅपवरून उतरवलेलं गाणं गेलं तर पुन्हा मिळेल. ऐंशीच्या घरातल्या आजीने जात्यावरची ओवी पुन्हा त्याच लयीत म्हणेलच, याची खात्री कोण देणार? म्हणून रेकॉर्डिंग करून आलात की त्याच संध्याकाळी दोन कॉपी काढा, एक पेन ड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर. प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थोडी ऐकून बघा. सगळी नीट वाजली, तरच रेकॉर्डरचं कार्ड रिकामं करा.