मंगळावर जन्मलेली मुलगी

परग्रहावरची वसाहत रंगवायची म्हटली की कथालेखक आधी काचेचे घुमट उभारतो. तिथल्या माणसांच्या हाडांचं काय, हे सहसा विचारलं जात नाही. मंगळावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जेमतेम ३८ टक्के. इथे ६० किलो भरणारा माणूस तिथल्या काट्यावर २३ किलोच भरेल. ऐकायला छान! पण अवकाश स्थानकात, जिथे वजन जाणवतच नाही, तिथे पुरेसा व्यायाम केला नाही तर खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. म्हणून तर अंतराळवीर रोज सुमारे दोन तास घाम गाळतात.

शिवाय किरणोत्सार. ‘क्युरिऑसिटी’च्या मोजणीनुसार, पृथ्वीवर वर्षभरात निसर्गतः अंगावर पडतो तेवढा किरणोत्सार मंगळावर साधारण चार दिवसांतच पडतो. त्यामुळे घुमटापेक्षा भुयारातली वस्ती मला जास्त खरी वाटते.

अशा भुयारात तिसऱ्या पिढीत जन्मलेली मुलगी उंच असेल की ठेंगणी, कोण सांगणार? कमी गुरुत्वाकर्षणात मानवी गर्भ आजवर वाढलेलाच नाही. ती कधी पृथ्वी पाहायला आली, तर उतरताक्षणी तिचं वजन अडीचपटीहून जास्त होईल. आजीआजोबांच्या गावातला साधा जिना तरी तिला चढवेल का?