अभ्यासात मागे पडणारे मूल आणि शाळेचे साहाय्य

आमच्या न्यासाच्या वतीने दरवर्षी जून महिन्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, पुस्तके आणि एक लहानसे पाकीट असा तो समारंभ बेळगावातील आपल्या मंडळींच्या चांगला परिचयाचा आहे. पण ज्या मुलाच्या गुणपत्रिकेवर तांबड्या रेघा असतात, त्याच्यासाठी आमच्यापाशी कित्येक वर्षे काहीच नव्हते. त्याची आठवण आम्हांस एका अर्जामुळे झाली, आणि ती सांगताना थोडी शरम वाटते.

वडगावातील एका मागवाल्या गृहस्थांनी आपल्या पाचवीतील मुलासाठी वह्या-पुस्तकांचे साहाय्य मागितले होते. सोबत जोडलेली गुणपत्रिका पाहून आम्ही अर्ज परत केला. अट गुणांची होती आणि गुण नव्हते. पुढल्या वर्षी मुलाची आई स्वतः कार्यालयात आली. शाळेने तिला सांगितले होते, “याला डोके नाही, मागावर बसवा.” मुलगा सकाळी कांड्या भरू लागला होता. पण सुताचा, मजुरीचा हिशेब तो तोंडी, बापाच्या आधी सांगत असे. मराठीचा धडा कोणी वाचून दाखविला की सगळा सांगे. स्वतः वाचावयास बसला की ‘सूर्य’ला ‘सूर’ म्हणून पुढे जाई. ज्याला डोके नाही तो हिशेब कसा करतो, हा प्रश्न त्या बाईंनी विचारला. आमच्यापैकी कोणापाशी उत्तर नव्हते. ते शोधता शोधता जे कळले, ते येथे मांडीत आहोत.

ही गोष्ट नवी नाही. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, गणितात चपळ, परंतु साधे शब्द वाचता येत नव्हते. शिक्षण सगळे तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. आज या प्रकारास विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनाची अडचण ती डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया, आकड्यांची डिसकॅल्क्युलिया. बुद्धी शाबूत असते, दृष्टी व श्रवण ठीक असते. अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालण्याचे मेंदूतील काम मात्र सावकाश किंवा वेगळ्या वाटेने होते. हा आळस नव्हे, आणि छडीने तो जात नाही.

आपल्या भागात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. येथील मुलाला देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या हाताळाव्या लागतात. मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची पण उच्चार मागाहून करायचा. एकच ‘र’ सूर्य, चक्र, राष्ट्र आणि तऱ्हा या चार शब्दांत चार रूपे घेतो. कन्नडात जोडाक्षरातील दुसरे व्यंजन पहिल्याच्या पायाशी बसते. इंग्रजीत तर एका अक्षराचे उच्चार किती, याची गणती नको. म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी प्रथम एवढे पाहावे की, मूल केवळ नवख्या भाषेत अडते आहे की घरच्या भाषेतही अडते आहे. मराठी घरातील मूल कन्नडात किंवा इंग्रजीत कच्चे असेल पण मराठी सरळ वाचत असेल, तर त्याला सराव हवा, दाखला नको. दोन-तीन वर्षे नीट शिकवूनही मराठीतच अक्षरे जुळत नसतील, फळ्यावरचे उतरविताना ओळी गळत असतील, तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांत जमीन-अस्मानाचे अंतर असेल, तर तपासणी करून घ्यावी. तत्पूर्वी डोळे व कान तपासावेत. चष्म्याच्या अभावी ‘ढ’ ठरलेली मुलेही आम्ही पाहिली आहेत!

आता कायद्याविषयी. 1995 च्या अपंगविषयक कायद्यात या अडचणीचा उल्लेखच नव्हता. 2016 साली संमत झालेल्या आणि 19 एप्रिल 2017 पासून अमलात आलेल्या दिव्यांगजन हक्क अधिनियमात मात्र 21 प्रकार मान्य झाले व त्यांत अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. त्यातील कलम 16 प्रमाणे, अशी अडचण लवकरात लवकर ओळखून शिकविण्याचे योग्य उपाय योजणे हे शाळेचे कर्तव्य ठरते. कलम 17 मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी नावानिशी आलेल्या आहेत. तेव्हा मुख्याध्यापकांपुढे जाताना पालकांनी उपकार मागत आहोत अशा चेहऱ्याने जाऊ नये. भांडावयासही जाऊ नये. आमच्या अनुभवात बहुतेक शिक्षक वाईट नसतात. साठ मुलांच्या वर्गात त्यांना हे कोणी शिकविलेले नसते, एवढेच.

पहिली भेट वर्गशिक्षकांची घ्यावी, आणि जाताना पुरावा न्यावा. महिनाभराच्या वह्या, त्यांतील नेमक्या चुका, गृहपाठाला लागलेला वेळ हे एका कागदावर तारखेसह लिहिलेले असावे. ‘अभ्यास करीत नाही’ या वाक्याला उत्तर नसते. ‘दहा ओळी उतरविण्यास पाऊण तास लागला’ या वाक्याला असते. त्यानंतर मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज द्यावा, त्यात कलम 16 चा उल्लेख करावा, आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घ्यावी. शिक्क्याचा आग्रह धरताना संकोच वाटतो, पण तोंडी बोलणे पुढल्या वर्षी वर्गशिक्षक बदलले की विरून जाते. त्या बाईंचे तीन वर्षांचे बोलणे असेच विरले होते.

तपासणी बालरोगतज्ज्ञ व चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. बुद्धिमापन आणि वाचन-लेखन-गणिताच्या कसोट्या असे तिचे दोन भाग असतात. कसोटी कोणत्या भाषेत घेणार, हे पालकांनी आवर्जून विचारावे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी ‘डाली’ नावाची कसोटी तयार केली असून तीत हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीही आहे. मराठी मुलाची केवळ इंग्रजीतून परीक्षा घेऊन काढलेला निष्कर्ष आम्ही तरी पुरा मानणार नाही. विशेष शिक्षक नेमताना किंवा शिकवणी लावताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा; या क्षेत्रात नुसत्या पाट्या लावणारेही आहेत.

सरकारी दाखला वैद्यकीय मंडळाकडून मिळतो व त्यासाठी दिव्यांग ओळखपत्राच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. 2018 साली केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आठ वर्षे पुरी होण्याआधी हा दाखला देत नाहीत. पुढे चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी ठरविलेली होती. दहावीची परीक्षा तोंडावर आली की धावपळ करणारे पालक येथेच फसतात, कारण मंडळाकडील अर्ज शाळेमार्फत व आधीच जावा लागतो. आठवीतच कागद तयार असलेले बरे. केंद्रीय मंडळाच्या शाळांत तीन तासांच्या पेपरास एक तास जादा मिळतो. राज्य मंडळांचे नियम आपापले आहेत, ते मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावेत. शाळेने दादच दिली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

पण वर्गातील पुष्कळशा सोयींना दाखला लागतच नाही. मुलास पुढल्या बाकावर बसविणे, सर्वांदेखत मोठ्याने वाचावयास न लावणे, फळ्यावरचा मजकूर छापील देणे, इतिहासाचे उत्तर तोंडी घेणे, शुद्धलेखनाचे गुण आणि विषयाचे गुण वेगळे धरणे, यांस खर्च काय? शिकविण्याची रीतही फार परकी नाही. अमेरिकेत ऑर्टन व गिलिंगहॅम यांनी डोळा, कान आणि हात एकदम वापरून, एकेक उच्चार सावकाश पक्का करण्याची पद्धत रूढ केली. वाळूत बोटाने अक्षर गिरविणे हा त्यातला एक भाग. आपल्या जुन्या पंतोजींच्या धूळपाटीची आठवण कोणास झाली तर ती वावगी नाही.

भाषेच्या सवलतीविषयी मात्र आमचे मत जरा वेगळे आहे. सूट मिळते म्हणून लगेच घेऊ नये. कर्नाटकात राहून नोकरी-धंदा करावयाचा, तर कन्नड सोडण्याची किंमत पुढे मोजावी लागू शकते. त्यापेक्षा जादा वेळ व लेखनिक घेऊन ती भाषा निदान बोलण्यापुरती ठेवणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. आणि काही कुटुंबे अडचण दिसताच मुलाला मराठी शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात घालतात, त्यांना तर आम्ही हात जोडून थांबवितो. जे मूल घरच्या भाषेत अडते त्याला अनोळखी भाषेत लोटल्याने ओझे दुप्पट होते. फारच अवघड झाले तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे. तेथे एकेक-दोनदोन विषय घेऊन, पाच वर्षांत नऊ संधींत दहावी पुरी करता येते.

वडगावचा तो मुलगा आता नववीत आहे. वाचन अजूनही संथ आहे. जोडाक्षर आले की तो थांबतो, बोट ठेवतो, आणि मग पुढे जातो. आठवीत दाखला हाती आला. पुढल्या वर्षीच्या परीक्षेसाठी त्याला लेखनिक लागेल, आणि तो साधारणतः खालच्या इयत्तेतला असावा लागतो. असे लेखनिक मिळणे हीच सध्या आमची मोठी अडचण आहे. आठवी-नववीतील, अक्षर सुवाच्य असलेल्या मुलामुलींच्या पालकांनी न्यासाच्या कार्यालयात नावे नोंदवावीत. साहाय्याचे अर्जही तेथेच मिळतात. त्यांवरील गुणांची अट आता काढून टाकली आहे.